बांधावरचे सहा पाहुणे

कस्तुराबाईंनी पहाटे डबा बडवला आणि माडीवर झोपलेल्या सहा पाहुण्यांपैकी पाच जण अंथरुणात ताडकन उठून बसले. सहाव्यांना कमी ऐकू येत होतं.

डबा गोडेतेलाचा, रिकामा. पवना धरणाच्या काठाला कस्तुराबाईंचं इंद्रायणी भाताचं खाचर होतं. लोंब्या दाण्यानं वाकल्या होत्या आणि कापणीला अजून दहा-बारा दिवस होते. या दिवसांत पाखरांचे थवेच्या थवे उतरतात. डबा, गोफण आणि तोंड या तीन हत्यारांवर कस्तुराबाई चाळीस वर्षं ती हाकत आल्या होत्या, आणि त्यातलं तिसरं हत्यार सगळ्यात लांब पोचायचं. आपल्या खाचरात बसायची पाखरांची छाती होत नाही, असं त्या स्वतःच सांगायच्या. ते खोडून काढायची माणसांचीही छाती होत नसे.

अडचण एवढीच, की हे पाहुणे पाखरं बघायला आले होते.

"आत्या, डबा ठेवा की हो खाली," सून राजेश्वरी ओटीवरून पळत आली. "पाखरं बघायला पैसं मोजून आल्यात ती."

"बघू दे की. उडताना बघावीत. उडताना लय बरी दिसत्यात."

माडीवरच्या दोन खोल्या खरं तर भाताच्या पोत्यांच्या. राजेश्वरीनं त्या रंगवल्या, पडदे लावले आणि मोबाईलवर धरणाचे फोटो टाकून पाहुणे बोलावले. ही पुण्याची मंडळी दरवर्षी ऑक्टोबरात आठवडाभर समुद्राच्या काठानं पक्षी बघत हिंडायची. यंदा पहिल्यांदाच ती धरणाच्या काठाला आली होती. कस्तुराबाईंनी सुनेला निक्षून सांगितलं होतं, "येकच आठवडा. जाताना पावणं पुढल्या साली येतो म्हणालं, तर खोल्या तुझ्या. न्हाई तर माझी पोती वर."

तेवढ्यात पाहुण्यांच्या म्होरक्या शुभदाताई गळ्यात दुर्बीण अडकवून खाली आल्या. "मावशी, आम्ही एका खास पक्ष्याची वाट बघतोय. एवढासा असतो. निळा गळा आणि त्यावर मधोमध तांबूस ठिपका. हजारो मैल उडून येतो."

"मंग दमला आसंल."

"म्हणूनच म्हणते, आठवडाभर डबा नको. आणि ते बांधावरचं बुजगावणंही काढलंत तर बरं."

त्या बुजगावण्याच्या अंगात मालकांचा सदरा होता. मालक हयात असताना सदरा जेवढा शेतात उभा राहिला नाही तेवढा तो नंतर राहिला, असं कस्तुराबाईंचं मत होतं. त्यांनी सुनेकडे पाहिलं. सून हात जोडायच्या बेतात होती.

"काढते," त्या म्हणाल्या. "पर पीक गेलं तर त्यो तुमचा निळ्या गळ्याचा भरून द्याय यायचा न्हाई."

बुजगावणं गोठ्यामागे उकिरड्यात रोवलं गेलं. पाहुणे बांधावर जाऊन उभे राहिले. डोक्यावर मोठ्या काठाच्या टोप्या, समोर तीन पायांवर उभ्या केलेल्या नळ्या आणि नळ्यांच्या तोंडाशी लखलखणारी भिंगं. कस्तुराबाई ओटीवर तोंडाला पदर लावून बसल्या आणि आपलं वाटोळं बघू लागल्या.

दुपार झाली. वाटोळं काही होईना.

दुसऱ्या दिवशीही तेच. संध्याकाळी त्यांनी खाचराला फेरी मारली. एकही लोंबी रिकामी नव्हती. तेवढ्यात पाण्यावरून एक थवा आला, खाचरावर आला, खाली त्या सहा टोप्या पाहिल्या आणि हवेतच वळून शेजारच्या हौशीरामच्या भातात जाऊन कोसळला.

कस्तुराबाईंनी पदर तोंडावरून काढला. जे त्यांना एका थव्यात कळलं, ते शिकल्या-सवरलेल्या सहा माणसांना आठवडाभर कळलं नाही. त्यांनी वाऱ्याला दोष दिला, चंद्राला दिला, कारखान्यांना दिला आणि मग ते अजून जवळून बघावं म्हणून खाचराच्या चारी बाजूंना पांगून उभे राहिले.

चाळीस वर्षांत अशी बुजगावणी कस्तुराबाईंना मिळाली नव्हती. सहाच्या सहा हलणारी, आणि जेवण झालं की आपल्या पायानं परत जागेवर जाऊन उभी राहणारी.

तिसऱ्या दिवसापासून चहा बांधावर जाऊ लागला. "हितंच घ्या. बसू नका, बसल्यावर पाखरू दिसत न्हाई. आन् टोपी काढू नका भाऊ, ऊन लागंल."

"आत्या, तुमची तब्येत बरी हाय ना?" राजेश्वरीनं विचारलं.

चौथ्या दिवशी हौशीराम आला. "वैनी, ह्ये काय बरं न्हाई. मुलखाची पाखरं माझ्या भातात. दोन दिस ही माणसं माझ्या बांधाला लावा."

शुभदाताईंनी कान टवकारले. "पाखरं तुमच्याकडे आहेत? मग आम्ही आत्ताच येतो."

"खुशाल जावा," कस्तुराबाई म्हणाल्या. "पायात बूट घाला म्हंजे झालं. त्याच्या बांधाला सापाची बिळं हायती."

"वैनी, ती खेकड्याची बिळं हायत."

"हात घालून बघितलास का?"

हौशीरामनं घातला नव्हता. पाहुणे आहे तिथेच राहिले.

पाचव्या सकाळी कस्तुराबाई शेणाची पाटी घेऊन गोठ्यामागे गेल्या आणि जागच्या जागी थांबल्या. बुजगावण्याच्या बाहीवर एक एवढंसं पाखरू बसलं होतं. गळा निळा. मधोमध तांबूस ठिपका. उकिरड्याच्या ओलीत उतरून त्यानं एक किडा उचलला आणि परत मालकांच्या बाहीवर जाऊन बसलं.

आता हे सांगावं, तर सहाच्या सहा इकडे धावणार आणि खाचर उघडं पडणार.

"बस बाबा," त्या हळूच म्हणाल्या. "पर गप बस."

शुभदाताई एकदा गोठ्याकडे निघाल्या, तर कस्तुराबाईंनी वाटेत हात आडवा धरला. "तिकडं नगं. म्हस मारकी हाय." म्हैस इतकी गरीब होती, की कुत्रं तिच्या पाठीवर झोपायचं.

सातव्या सकाळी जीपमध्ये बॅगा चढल्या. राजेश्वरीनं ठेवलेल्या वहीत शुभदाताईंनी लिहिलं आणि वाचूनही दाखवलं. "जेवण उत्तम. माणसं प्रेमळ. पक्षी नाहीत. पुढच्या वर्षी आम्ही आपले पुन्हा समुद्रकिनारी."

राजेश्वरी माडीवर गेली. पडदे काढून घडी घालून खाली घेऊन आली. "आत्या, पोती कधी चढवायची?"

म्हणजे कस्तुराबाई जिंकल्या होत्या. त्यांनी खाचराकडे पाहिलं. लोंब्या अशा भरल्या होत्या, की बांध दिसत नव्हता. पुढच्या वर्षी पुन्हा डबा, पुन्हा गोफण आणि हे दुखरे गुडघे. सुनेच्या तोंडाकडे बघायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं, तेही जमलं नाही.

"ताई, गाडी बंद करा," त्या म्हणाल्या. "चपला काढा आन् माझ्या मागनं या. तोंडातनं शबूद काढायचा न्हाई."

सहा माणसं अनवाणी उकिरड्यापुढे ओळीनं उभी राहिली. पाखरू बाहीवर होतं. त्यानं गळा वर केला आणि उन्हात तो निळा असा काही उजळला, की कमी ऐकू येणारे काकाही "आहाहा" म्हणाले. शुभदाताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाखरामुळे की उकिरड्यामुळे, हे कुणी विचारलं नाही.

"मावशी, हा आला कधी?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"आत्ताच. तुमी सामान भरत व्हता तवा."

इतक्यात म्हशीनं मागून येऊन त्यांचं कोपर चाटलं.

"ही ती मारकी?"

"सकाळची बरी आसती."

वहीतलं पान फाडलं गेलं. नव्या पानावर पुढच्या वर्षीचा हाच आठवडा, दोन्ही खोल्या, असं पक्कं झालं. राजेश्वरीनं पडदे वर नेले ते दोन-दोन पायऱ्या चढत.

जीप सुटता सुटता शुभदाताईंनी डोकं बाहेर काढलं. "आणि मावशी, पुढच्या वर्षी बांधावर एक मिनिटही घालवणार नाही. सातही दिवस तुमच्या उकिरड्यापाशी."

जीप वळणाआड गेली आणि पाण्यावरून आलेला थवा, यावेळी न वळता, कस्तुराबाईंच्या भातात उतरला. त्यांनी अर्धा तास डबा बडवला. मग दम खात ओटीवर बसल्या. बराच वेळ कधी खाचराकडे बघत राहिल्या, कधी गोठ्याकडे.

"राजेश्वरी, दोन घमेली आण. आन् फावडं."

"कशाला, आत्या?"

"उकिरडा हलवायचाय. खाचराला न्यायचा. चारी कोपऱ्यांना थोडा थोडा."