चालायला हवं

पोट बाईचं असलं, तरी त्यात बाळ आलं की त्याचा कारभार सार्वजनिक होतो, हे तत्त्व आपल्याकडे सर्वमान्य आहे. त्यासाठी कायदा करावा लागला नाही (केला असता तर कुणी पाळला नसता). लातूरच्या एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या मालविकाला मात्र हे तत्त्व ठाऊक नव्हतं. दिवस गेल्याची बातमी तिनं सासरी फोन करून कळवली आणि दुसऱ्याच सकाळी सासू सिंधुबाई आणि सासरे शेषेराव मुरुडजवळच्या गावाहून फ्लॅटमध्ये दाखल झाले. सोबत ज्वारीचं पोतं होतं आणि एक जाडजूड गादी होती. ज्वारी सर्वांसाठी होती. गादी फक्त सुनेसाठी.

शेषेराव निवृत्त हेडमास्तर. शिस्तीशिवाय बाळसुद्धा नीट वाढत नाही, असा त्यांचा अनुभव (स्वतःचा नव्हे, निरीक्षणातून आलेला). त्यांनी चहा संपायच्या आत नियम जाहीर केले. वाकू नये, बाळ दबतं. हात वर करू नये, नाळ गळ्याशी जाते. जिना वर्ज्य, कारण हिसका बसतो. लिफ्टही वर्ज्य, कारण ती सुरू होताना पोटात गोळा येतो आणि तो गोळा बाळाला लागतो. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर होता. या शेवटच्या दोन कलमांचा एकत्रित अर्थ मालविकानं घराबाहेर पाऊल टाकू नये असा निघत होता. पण सुशिक्षित घरात असं तोंडावर सांगत नाहीत.

नियमांना शास्त्रीय आधार होता. इमारतीत अकरा बायका राहत होत्या. त्यांपैकी बाराजणींनी दुजोरा दिला. (बारावी उदगीरला राहायला गेली होती, तिनं फोनवरून मत नोंदवलं.)

मालविकाला सुरुवातीला बरं वाटलं. बसल्या जागी ताट येत होतं, बसल्या जागी उचललं जात होतं. महिन्याभरात पाठ दुखू लागली. झोप उडाली. दिवसभर वर्गात उभं राहून पोरांना गतीचे नियम शिकवणारी बाई आता गादीवर बसून खिडकीतून दुसऱ्यांची गती पाहत होती. एकदा तिनं सहज उठून कपाटाच्या वरच्या फळीवरचं पुस्तक काढायला हात लांबवला, तर हॉलमधून शेषेराव गरजले, "अगं, सूनबाई उभी हाय!"

सिंधुबाई स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनी धावल्या. मालविकाला पुन्हा बसवण्यात आलं.

नवरा वरद समंजस होता. समंजस म्हणजे तो काहीच करत नसे. "थोडे महिने सांभाळून घे ना," तो म्हणायचा. "आईबाबांना वाईट वाटेल."

सहाव्या महिन्यात डॉक्टर सौदामिनींनी तपासलं. सिंधुबाई शेजारच्या खुर्चीत बसून प्रत्येक शब्द ऐकत होत्या. "वजन भराभर वाढतंय," डॉक्टर म्हणाल्या. "साखर काठावर आलीय. तुम्हाला झोपून राहायला सांगण्यासारखं काहीही झालेलं नाही. रोज चालायला हवं."

घरी येताच सिंधुबाईंनी अहवाल सादर केला. "डॉक्टरीण म्हणली, चालायला हवं. म्हंजे आता जसं चाललंय, तसंच चालायला हवं."

"आई, चालायला म्हणजे पायांनी!"

"पायानं का कशानं, ते ती म्हणली का? मी तिथंच बसले होते की."

व्याकरणदृष्ट्या सिंधुबाई बिनचूक होत्या. माजी हेडमास्तरांनी तसा निर्वाळाही दिला.

आता या कुटुंबाच्या न्यायबुद्धीविषयी सांगितलं पाहिजे. सिंधुबाईंना दोन सुना होत्या, आणि योगायोगानं दोघींनाही एकाच सुमारास दिवस गेले होते. थोरली उज्वला गावी असायची. तिचा नवरा उद्धव शेती बघायचा. बघायचा हा शब्द विचारपूर्वक वापरला आहे. सोयाबीन काढायला, म्हशी धुवायला, गड्यांच्या भाकरी थापायला आणि हापशावरून घागरी आणायला उज्वला होती. तिच्याबाबतीत सिंधुबाईंचं शास्त्र असं होतं, की हालचाल केली की बाळंतपण सोपं जातं. शिवाय तिची दुसरी खेप, तिला काय कौतुक. विज्ञान एकच होतं, फक्त तालुका बदलला की ते उलटं फिरत होतं.

दुपारी सासूबाईंचा डोळा लागला की दोघी जावा फोनवर बोलायच्या.

"मला कुणी उठू देत नाही, वहिनी."

"आन मला कुणी बसू देत न्हाई, बाई." उज्वला हसायची. "दवाखान्यात गेल्ते. सिस्टर म्हणल्या, बीपी वाढलंय, आराम करा. तर ह्ये म्हणले, आराम कर म्हणल्या म्हंजे आरामात कर म्हणल्या. मी काय घाई करायलोय का?"

मालविकाही हसली. रात्री मात्र तिनं उज्वलाच्या बीपीचा विषय काढला. सिंधुबाईंनी तो मिटवला. "आमच्या टायमाला कुठं बीपी होतं?"

सातव्यात मालविकाचं डोहाळजेवण गावी करायचं ठरलं. दुसऱ्या खेपेला डोहाळजेवण करत नाहीत, म्हणून उज्वलाचं नव्हतं. तिच्यावर स्वयंपाक सोपवून तिलाही समारंभात मानाचं स्थान देण्यात आलं. लातूरहून गाडी निघाली ती खड्डे चुकवत इतक्या जपून, की मुरुडच्या अलीकडे एका म्हाताऱ्या सायकलवाल्यानं त्यांना ओलांडलं आणि गाडी बिघडली का म्हणून थांबून विचारलं.

अंगणात झोपाळा फुलांनी सजवला होता. मालविकाला हिरवी साडी नेसवून त्यावर बसवलं. पुरुष मंडळी मांडवात जेवणाची वाट बघत बसली होती. उज्वला स्वयंपाकघरातून पुरणपोळ्यांची परात घेऊन बाहेर आली. तिचा चेहरा सुजला होता. पावलं इतकी फुगली होती, की जोडवी मांसात रुतली होती. झोपाळ्यापाशी आली आणि थांबली.

"काय झालं, वहिनी?"

"डोकं लई ठणकायलंय. डोळ्यापुढं काजवे चमकायलेत गं."

मालविका टुणकन खाली उतरली. सातव्या महिन्यातली, बंदी घातलेली बाई टुणकन उतरली हे पाहून दोन पाहुण्या बायकांनी छातीवर हात ठेवले. तिनं परात काढून घेतली, उज्वलाचा दंड धरला आणि तिला झोपाळ्यावर बसवलं.

"अगं ये बया, उतर!" सिंधुबाई ओरडल्या. "वटी मालविकाची हाय!"

उज्वलानं झोपाळ्याची कडी घट्ट धरली. सासूला ती आत्या म्हणायची, आणि आजवर आत्यांना उलट उत्तर दिलेलं नव्हतं.

"न्हाई उतरत, आत्या. मलाबी सातवाच हाय."

सातवा महिना सर्वांना दिसत होता, ऐकू पहिल्यांदाच आला. एक पाहुणे हळूच म्हणाले, "मग वाढणार कोण?" प्रश्न रास्त होता.

"वरद, गाडी काढ," मालविका म्हणाली.

"अगं, पण पंगत..."

"गाडी!"

तिचा आवाज वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा होता. वरद समंजसपणा सोडून धावला. शेषेराव सुनेसाठी पाणी आणायला उठले, घरात गेले, आणि बराच वेळ आले नाहीत. स्वतः बांधलेल्या घरात माठ कुठं असतो, ते त्यांना सापडत नव्हतं. उद्धव बायकोसमोर नुसता उभा होता. मग त्यानं खाली बसून तिच्या पायातली जोडवी हलक्या हातानं काढली.

परतीला गाडी सुसाट गेली. खड्डे तेच होते.

डॉक्टर सौदामिनींनी उज्वलाला तडक दाखल करून घेतलं. रात्रभर मालविका, सिंधुबाई आणि उद्धव बाकावर बसून होते. पहाटे रक्तदाब उतरला. डॉक्टरांनी सर्वांना उज्वलाच्या खाटेपाशी बोलावलं. "आणखी उशीर झाला असता, तर दोघांपैकी कोण वाचलं असतं, सांगता आलं नसतं," त्या म्हणाल्या. मग दोन्ही सुनांकडे बोट दाखवून सावकाश सांगितलं, "हिनं चालायचं. पायांनी. हिनं झोपायचं. गादीवर."

सिंधुबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "माझ्याच ध्यानात आलं न्हाई गं, उज्वला," एवढंच त्या म्हणाल्या. लातूरच्या फ्लॅटमधली ती गादी उज्वलाला मिळाली. मालविका जिन्यावरून उतरू लागली. उद्धव गावाहून रोज फोन करायचा: बायकोची तब्येत कशी आहे, आणि डाळीला शिट्ट्या किती.

यथावकाश उज्वलाला मुलगी झाली, थोडी आधी, थोडी लहान, पण ठणठणीत आवाजाची. मालविकाला मुलगा झाला. बारशाला शेषेरावांनी भाषण केलं, की चालणं आणि विश्रांती यांचा समतोल आमच्या घराण्यात पूर्वापार आहे.

मालविका आता पुन्हा शिकवते. रिकाम्या तासाला तिनं दोन्ही घरांचा शास्त्रीय आढावा घेतला. निष्कर्ष असा: त्या काळात संपूर्ण विश्रांती घेणाऱ्या व्यक्ती, गादीवरच्या सुना वगळता, तीन. गरोदर एकही नाही. मिश्या सर्वांना.

हा मजकूर आपण बसून वाचला असेल. उत्तम, वाचायला तेच आसन योग्य. पण वाचता वाचता जो चहा आपल्या हाताशी आला, तो स्वतःच्या पायांनी चालत आलेला नाही. जिनं आणला तिला बरं वाटतंय का, एवढं तरी विचारा. हाक मारून नको. उठून.