आधी मोजे, मग माया

आमच्या शाळेतल्या शेलारबाईंना तुम्ही कुठंही गाठा, बाजारात, लग्नात, नाहीतर कार्ल्याच्या देवीच्या पायऱ्या चढताना, त्यांच्या पर्समध्ये रबरी हातमोज्यांची जोडी असणारच. एखादे वेळी घराची किल्ली विसरतील, पण मोजे नाही. माझ्या पुतण्याच्या हळदीला त्या आल्या होत्या. कांदा चिरताना माझ्या जाऊबाईंचं बोट विळीवर कापलं. जाऊबाईंनी सवयीनं ते तोंडात घालायला नेलं, मी हात धरायला पुढं झाले, आणि मांडवाच्या दुसऱ्या टोकाकडून आरोळी आली, "आधी मोजे, मग माया!" हलगीवाला वाजवायचा थांबला. नवरदेवानंही घाबरून हळदीचे हात मागं लपवले.

बाई भूगोल शिकवतात. डोंगराखाली, भातखाचरांच्या कडेला आमची शाळा आहे. पोरं खोखोत गुडघे फोडतात, कबड्डीत नाकं फोडून घेतात आणि भातकापणीच्या दिवसांत विळ्यानं कापलेली बोटं घेऊन वर्गात येतात. बाई बदलून येण्याआधी आमची पद्धत साधी होती. जो मास्तर जवळ असेल त्यानं खिशातला रुमाल काढायचा, जखमेवर दाबायचा, आणि तोच रुमाल धुऊन पुन्हा खिशात ठेवायचा. शिपाई हिरामावशी हळदीचा डबा घेऊन धावायची. आम्हाला वाटायचं, किती प्रेमळ शाळा आपली!

बाईंनी आल्या आल्या हे सगळं बंद पाडलं. प्रत्येकाच्या टेबलाच्या खणात मोजे ठेवले. रक्त सांडलं तर काय करायचं ते आमच्याकडून पाढ्यासारखं पाठ करून घेतलं. मोजे घालायचे, कागदानं टिपायचं, वर ब्लीचचं पाणी ओतायचं, थोडा वेळ तसंच ठेवून मग पुसायचं, शेवटी मोजे उलटे करून काढायचे आणि साबणानं हात धुवायचे. "रक्त कुणाचंही असो," त्या म्हणायच्या, "आपल्या लेकराचं असो नाहीतर मंत्र्याचं. आत काय आहे ते बाहेरून दिसतं का? नाही ना? मग सगळ्यांना एकच नियम." आणि लगेच बोट वर करून पुढचं वाक्य, "पण भ्यायचं ते रक्ताला, माणसाला नाही. हात धरल्यानं, एका ताटात जेवल्यानं, कुणाचा उष्टा चहा प्यायल्यानं काहीही होत नाही. आलं लक्षात?"

आलं लक्षात की नाही, याची परीक्षाही घेत. एकदा मुख्याध्यापकांच्या खुर्चीखाली लाल शाई ओतून बाई दाराआड उभ्या राहिल्या. साहेब आले, बघितलं, आणि घाईघाईनं फळा पुसायचं डस्टर घेऊन खाली वाकले. बाई दारातून म्हणाल्या, "सर, तुम्ही गेलात."

"कुठं?" साहेबांनी विचारलं.

"वर," बाई म्हणाल्या आणि त्यांच्या हातात मोजे ठेवले.

याच साहेबांना त्यांनी काविळीची लस घ्यायला लावली. म्हणजे हिपॅटायटिस बीची, रक्तातून पसरणाऱ्या काविळीची. आमच्या सगळ्यांना लोणावळ्याच्या दवाखान्यात ओळीनं उभं केलं. एके काळी पंचक्रोशीत कबड्डी गाजवलेले साहेब सुई दिसताच म्हणाले, "बाई, मला जरा बँकेत काम आहे." बाईंनी त्यांचा दुसरा हात घट्ट धरला आणि सुई टोचेपर्यंत त्यांना सह्याद्रीतले घाट क्रमानं म्हणायला लावले. साहेब बोरघाटातच अडकले.

पोरांवर मात्र जीव. मोजे घालून त्या अशा हलक्या हातानं जखम धुवायच्या की रडणारं पोर त्यांच्या खांद्यावर पेंगायला लागायचं. पट्टी झाली की नवा कोरा मोजा फुगवून त्यावर डोळे काढायच्या; पाच बोटांचा तुरा झालेला तो कोंबडा पोराला बक्षीस. पुढं पुढं पोरं कोंबड्यासाठी जुन्याच खपल्या खाजवायला लागली, तेव्हा ती योजना बंद झाली.

सगळ्यात मोठा गोंधळ घातला तो हिरामावशीनं. एक दिवस शाळेत तपासणीला साहेब लोक यायचे होते. सकाळी आम्ही पाहतो तर व्हरांड्याच्या दोरीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, चिमटे लावलेले हातमोजे वाऱ्यावर हलत होते. शाळाच पाहुण्यांना टाटा करत होती म्हणा ना. बाईंचा चेहरा पांढराफटक.

"मावशी, हे काय?"

"अवो बाई, धडधाकट मोजं येकदा घालून फेकायचं व्हय? म्या कचऱ्यातनं काडलं, चांगलं साबनानं धुतलं. बगा की, कुटं फाटलंय का!"

बाई रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी आधी मावशीचे दोन्ही हात उजेडाकडं धरून उलटेसुलटे पाहिले. कुठं चीर नाही, ओरखडा नाही. मग म्हणाल्या, "मावशी, मोजे पुन्हा मिळतील गं. तुला कुठून आणू?" मावशीला काय कळलं कोण जाणे, पण तिनं पदर डोळ्याला लावला.

अशा या बाईंची एकच गोष्ट आम्हाला खटकायची. मधल्या सुट्टीत सगळ्यांना मावशी कपातून चहा द्यायची, बाई मात्र घरून आणलेल्या स्टीलच्या पेल्यातून प्यायच्या. तो पेला स्वतः विसळायच्या, पुसायच्या आणि पर्समध्ये ठेवायच्या. मावशीनं हात पुढं केला तरी देत नसत. "उष्ट्या चहानं काही होत नाही" हे आम्हाला शिकवणारी बाई स्वतः मात्र एवढी सोवळी! मी मागून पुष्कळ चेष्टा केली आहे.

गेल्या हिवाळ्यात, क्रीडास्पर्धांच्या आदल्या दिवशी, बाई आणि मी कपाटातून बक्षिसाच्या ढाली काढत होतो. कपाटाच्या दाराची तडकलेली काच निखळली आणि बाईंच्या तळहातात घुसली. भळाभळा रक्त. मी धावले.

"हात लावू नका!" बाई ओरडल्या. असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. हात छातीशी धरून त्या भिंतीला टेकेपर्यंत मागं सरकल्या. तेवढ्यात मावशी हळदीचा डबा घेऊन आली. "मावशी, लांब! पाया पडते तुझ्या, लांब राहा!"

मी खणातून मोजे काढले. घाईत दोन बोटं एकाच बोटात गेली. बाई रक्त वाहत असतानाही म्हणाल्या, "नीट घाला. मी थांबते." मावशीनंही घातले. मगच त्यांनी हात पुढं केला. सांडलेल्या रक्ताला कुणी हात लावू नये म्हणून खोलीला कुलूप लावलं, जीप मिळाली, दवाखान्यात पोचलो. डॉक्टर जखम बघायला वाकले तशा बाई हळू पण स्पष्ट म्हणाल्या, "डॉक्टर, आधी मोजे. मला हिपॅटायटिस बी आहे."

मी शेजारीच उभी होते. मला बाहेर पाठवता आलं असतं त्यांना. पण तेवढा वेळही त्यांनी डॉक्टरांना धोक्यात ठेवलं नाही.

टाके घालून झाल्यावर आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. "रक्तदानाच्या शिबिरात कळलं," बाई म्हणाल्या. "हा आजार कुठून आला, कधी आला, देव जाणे. औषध चालू आहे, तब्येत ठणठणीत. आधीच्या शाळेत मी विश्वासानं एकीला सांगितलं. कुणी वाकडं बोललं नाही हो. फक्त दुसऱ्या दिवशी माझ्या कपाच्या कानाला लाल दोरा बांधलेला होता. खूण म्हणून."

त्यांची पर्स माझ्या मांडीवर होती; आतला पेला हाताला लागत होता.

"इथं आले ती पेला घेऊनच आले. म्हटलं, दोरा बांधायची कुणावर वेळच नको. आणि मोज्यांचं म्हणाल, तर सगळ्यांनाच लावले, म्हणजे माझ्यावर वेळ आली तर कुणी विचारणार नाही, हिलाच का म्हणून." पट्टी बांधलेल्या हाताकडं बघत त्या हसल्या. "आता तुम्हाला कळलंच."

हे लिहू का, असं मी परवा त्यांना विचारलं. म्हणाल्या, "लिहा. नाव बदला. मोजे तेवढे बदलू नका."

टाके पडल्यावर दोन दिवसांनी, स्पर्धा आटोपून शाळा भरली तेव्हा बाई आल्या, पण कुणाच्या डोळ्याला डोळा देईनात. मधल्या सुट्टीत मावशीनं किटली आणली. बाईंनी पेला पुढं केला, मावशीनं चहा ओतला. मी तो पेला उचलला, एक मोठा घोट घेतला आणि परत बाईंसमोर ठेवला. जीभ भाजली, पण ते आता जाऊ दे.

"साखर कमी आहे," मी म्हटलं.

बाई पेल्याकडं बघत राहिल्या. त्यांचा हात पर्सकडं गेला आणि तिथंच थांबला. "अहो, पण तुम्ही..." एवढंच त्या बोलल्या.

"चहाला मोजे लागत नाहीत, बाई. तुम्हीच पाठ करून घेतलंय."

त्यांनी चहा संपवला. नेहमीपेक्षा सावकाश संपवला. मावशी कप गोळा करत आमच्याकडं आली आणि सवयीनं बाईंना वगळून पुढं निघाली. तेव्हा बाईंनी पेला उचलून तिच्या ताटात ठेवला.

"मावशी, आज हाही विसळशील?"

"आन त्यात काय इचारायचं!" मावशी म्हणाली. तिनं पेला सगळ्या कपांबरोबर नळाखाली धरला. नळ बंद होईपर्यंत बाई दारात उभ्या राहून बघत होत्या.