मूळ प्रत भाषांतराशी जुळत नाही

माझ्या सुनेने कादंबरी लिहिली. विषय मी. ती तिने आपल्याच भाषेत लिहिली, हा दोष ग्रंथमान्यता कार्यालयात उघडकीस आला.

"दर्जा तपासायचा कसा?" अधिकारी म्हणाले.

"वाचून," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. सुनेला म्हणाले, "गोऱ्या साहेबांचं राज्य गेलं, पण दर्जा ठरवणारी समिती तिकडेच राहिली. आधी त्यांच्या भाषेत पुस्तक काढा. त्यांना आवडलं, की आम्हालाही आवडेल. मग मूळ छापू."

सुनेने डोळे फोडून भाषांतर केलं. तिकडून अभिप्राय आला: यात साहेब कुठे आहे?

"अहो, नळावरची जावाजावांची भांडणं ती! साहेब माझ्या लग्नाआधीच बोटीत बसला. तो नळावर कशाला कडमडेल?" मी म्हटलं.

अधिकारी दुखावले. "एवढं राज्य केलं त्यांनी. आपल्या पुस्तकात उभं राहायलाही जागा देणार नाही?"

सुनेने नळाशी साहेब उभा केला. थोरल्या जाऊबाई मला बादली फेकून मारायच्या. पुस्तकात आता साहेबाला पाहताच ती बादली त्यांच्या हातून गळून पडली. दुसरा अभिप्राय आला: नायिका फार बोलते. गुलामीत पिचलेली बाई मुकी असावी.

"आई, काय करू हो?" सून रडकुंडीला आली.

"कर मुकी. आपल्या भाषेतल्या पुस्तकात बोलतेच आहे ना मी? ते छापून आलं म्हणजे झालं."

पुस्तकाला तिकडे बक्षीस मिळालं, इकडे हार पडले. मूळ बाड काखोटीला मारून आम्ही पुन्हा कार्यालयात गेलो. अधिकाऱ्यांनी दोन्ही शेजारी ठेवून तपासली आणि मान हलवली.

"आजी, मूळ प्रत भाषांतराशी जुळत नाही. यात साहेब नाही. शिवाय तुम्ही बोलताय."

मूळ प्रत नामंजूर झाली. मान्यताप्राप्त भाषांतराचं आपल्या भाषेत भाषांतर करण्याचं काम अधिकाऱ्यांच्या मेव्हण्याला मिळालं.

ते पुस्तक छातीशी धरून परवा थोरल्या जाऊबाई आल्या. माझा आवाज चार गल्ल्यांपलीकडून ओळखणारी ही बाई, डोळे पुसत म्हणाली, "धाकटे, किती गं सोसलंस! कधी तोंडातून शब्द काढला नाहीस."

मी तोंड उघडलं.

"राहू दे," त्या माझा हात थोपटत म्हणाल्या. "तुला नाही जमायचं."

म्हणून हे इथे सांगितलं, आपल्याच भाषेत. वाचताना हसू आलं असेल तर तूर्त आवरा. तिकडचा अभिप्राय अजून यायचाय.