मेनू आना, मेनू!

"आज मी रागावनार न्हाय!" हे वाक्य हिंदुराव सकाळपासून इतक्या जोरात म्हणत होते, की चाळीतल्या लोकांना वाटलं, नवराबायकोचं आज परत जुंपलं!

हिंदुराव सोलापुरात गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम. मागांच्या खडखडाटात ओरडून ओरडून आवाज असा झालेला, की त्यांनी प्रेमानं "च्या घ्या" म्हटलं तरी पाहुणा दचकून उभा राहायचा. त्यात राग नाकाच्या शेंड्यावर! लेकीची, रंभाची, दोन स्थळं त्या रागानंच खाल्ली होती. पहिला पाहुणा चहा कोमट आहे म्हणाला, तर हिंदुराव म्हणाले, "मग चुलीत बसून प्या!" दुसऱ्यानं पोरीला चालून दाखवायला सांगितलं. हिंदुरावांनी त्यालाच चालायला लावलं, थेट स्टेशनपर्यंत!

आता तिसरं स्थळ जेऊरचं. मुलगा होटगीला रेल्वेत, सुपारीचंही व्यसन नाही. रंभाच्याही मनात तो भरला होता. मग बजाबाईंनी नवऱ्याला निर्वाणीचं सांगितलं.

"अवो, ह्ये बी घालवलंसा तर पोरीला घिऊन म्हायेरी जाईन. पाव्हण्यांना घरी नगाच बोलवू. हाटेलात न्या. परक्या मानसांत तरी तोंड आवराल!"

हिंदुरावांनी हॉटेलही असं निवडलं की पाहुण्यांनी बघत राहावं. सात रस्त्याजवळ नवीन निघालेलं 'चायना सी-फूड'! मालक अल्लाउद्दीन मुंबईत चिनी स्वयंपाक शिकून गावी परतलेला. दारावरचा ड्रॅगन सिनेमाचे बोर्ड रंगवणाऱ्यानं काढला होता, त्यामुळे तो सर्दी झालेल्या घोरपडीसारखा दिसत होता. पण गिरणीचे मॅनेजर इथं जेवून गेले होते, तेव्हा हिंदुरावांच्या लेखी हे राजवाड्याच्या खालोखाल.

मुलाला ड्युटी, म्हणून त्याचे आईवडीलच आले. वडील जोतीराम म्हणजे मोठ्या मिशांचा, घुम्मा माणूस. दारातच थांबून त्यांनी बोर्ड वाचला आणि विचारलं, "सी का म्हून? ए अन् बी संपलं व्हय?"

झालं! हिंदुरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. व्याह्याला सी तुकडीचं जेवण घालतोय, असं म्हणतो काय हा गृहस्थ? पण 'सी' म्हणजे काय हे त्यांना तरी कुठं ठाऊक होतं! बजाबाईंनी त्यांच्या पायावर पाय ठेवला. हिंदुराव दात दाखवून हसले आणि टेबलाशी बसले. आता या माणसाला दाखवतोच, म्हणाले मनाशी, ए कशाला म्हणतात ते!

वेटर शिवप्पा अक्कलकोटच्या पलीकडून नुकताच आलेला. मराठी समजायची बेताचीच.

"एन बेकु?" त्यानं काय हवंय ते कानडीत विचारलं.

हिंदुरावांनी मॅनेजरसाहेबांसारखी मान मागं टाकली. "मेनू आना!"

शिवप्पाचा चेहरा एकदम फुलला. "हौद्री, हौद्री!" असं होकार देत तो पळाला आणि तळलेला मासा घेऊन आला.

"ह्ये कुनी मागवलं?" हिंदुराव म्हणाले. "मेनू आन म्हनलं मी, मेनू!"

"हौद्री!" शिवप्पा पुन्हा पळाला. या खेपेला लाल रश्शातला मासा आला.

"मेनू रं बाबा!" काळ्या रश्शातला आला.

"मेऽऽनू!" हिंदुराव गिरणीच्या आवाजात गरजले. त्यासरशी शिवप्पा आतून परातीएवढ्या ताटात अख्खा वाफवलेला मासा घेऊन आला, डोक्यासकट. आवाज जितका मोठा, मासा तितका मोठा! मुलाची आई सोजरबाई पदर तोंडाला लावून मागं सरकली.

"अगं बाई, ह्यो माझ्याकडंच बघतुया की!"

बजाबाईंचा पाय आता नवऱ्याच्या पायावर नाचत होता. जोतीराम मात्र इतका वेळ मिशी चावत बसले होते. त्यांनी टेबलावर थाप मारली.

"आदी सी मदी आनलं, अन् आता निसतं मासंच मासं! आमी काय मांजरं हाव व्हय?"

"मिशा तर तशाच हायती!" हिंदुरावांच्या तोंडून निसटलं.

मिशीला हात! जोतीराम खुर्ची पाडून उठले. हिंदुराव उठले. "उठ गं, सोजरे! ह्या घरातली पोरगी नगं आपल्याला!" जोतीराम ओरडले. "कोन देतंय तुमाला!" हिंदुराव त्याहून मोठ्यानं ओरडले. बजाबाईंनी कपाळाला हात लावला. तिसरं स्थळही गेलं!

आणि एवढ्यात, आल्यापासून मान खाली घालून बसलेली रंभा उठली.

"गप बसा दोघंबी!"

बापाचाच आवाज! ताटं थरथरली. शिवप्पानं हातातला तांब्या खाली ठेवला. आतून अल्लाउद्दीन झारा घेऊन धावत आला. "क्या हुवा जी?"

"मेनू मागतुया कवाधरनं!" हिंदुराव म्हणाले, पण जरा हळू. "ह्यो मासंच आनतुय!"

अल्लाउद्दीननं कपाळावर हात मारून घेतला. "अजी साब, ये शिवप्पा कानडीवाला! कानडी में मीनु बोले तो मच्छी! हौर मेनू तो छापने कू दियाय, आयाच नै!"

"अन् सी?" जोतीरामांनी उभ्यानंच विचारलं.

"सी बोले तो समिंदर जी! बंबई से बरफ में आती मच्छी!"

दोघे बाप एकमेकांकडे बघेनात. रंभानं पडलेली खुर्ची सरळ केली.

"मामंजी, हितं बसा. आप्पा, तुमीबी. मासं गार व्हतंय."

'मामंजी' ऐकून जोतीराम मुकाट्यानं बसले. हिंदुरावही बसले. सोजरबाई आळीपाळीनं नवऱ्याकडे आणि रंभाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी बजाबाईंचा हात धरला.

"ईनबाई, ठरलं! आमच्या ह्यांना बस म्हननारं आजवर घरात कुनी जल्मलंच न्हाय. तारीख काढा!"

बजाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. हिंदुराव मात्र छाती फुगवून बायकोच्या कानात कुजबुजले, म्हणजे सगळ्या हॉटेलला ऐकू गेलं, "बघितलंस? आज मी रागावलो न्हाय म्हून जमलं!" मग ते अल्लाउद्दीनकडे वळले. "तोंड ग्वाड कराय काय हाय?"

"मिठा नै जी," अल्लाउद्दीन ओशाळून म्हणाला. "सिरफ मीनुच है."

मग काय करता! जोतीरामांनी माशाचा भला मोठा तुकडा मोडला आणि व्याह्याच्या तोंडात प्रेमानं कोंबला. काट्यासकट! हिंदुरावांचे डोळे पांढरे झाले. चेहरा लाल झाला. ते आता काही बोलणार, तोच टेबलाखालून त्यांच्या एका पायावर बजाबाईंचा पाय पडला आणि दुसऱ्यावर रंभाचा.

हिंदुरावांनी काटा गिळला, राग गिळला आणि म्हणाले, "लई ग्वाड हाय, पाव्हणं!"