गिताऊंची टोपी

किनुथियाची गाडी अंगणात शिरली तशी त्याची आई न्याकिओआजी पिठाच्या हातांनीच धावत सुटली. मुलगा आणि सून यांना ओलांडून ती थेट मागच्या सीटवरच्या अडीच वर्षांच्या नातवासमोर उभी राहिली आणि चक्क लाजली.

"आलात का धनी? नाताळ उजाडला तेव्हा बायकोची आठवण झाली होय!"

यात नवल काहीच नव्हतं. मुरांगाच्या डोंगरात थोरल्या नातवाला आजोबांचं नाव ठेवतात, आणि एकदा नाव ठेवलं की आजोबाच परत आले असं समजून आजी त्याला नवरा म्हणून चिडवत राहते. गिताऊ म्हातारे नातू जन्मायच्या आधीच वारले होते, त्यामुळे छोट्या गिताऊकडे हे पद पूर्णवेळ होतं. पंचाईत व्हायची ती त्याच्या आईची, न्जोकीची. पोरानं साखरेच्या डब्यात चप्पल घातली तरी सासरी त्याला धपाटा देण्याची सोय नव्हती. "सासऱ्यांवर हात उगारतेस?" असं आजी ओरडायची आणि न्जोकी निमूटपणे चप्पल पुसायची.

त्या सकाळी मात्र डोंगरावरचं धुकं उठायचं नावच घेत नव्हतं. पोरगं गाडीतून उतरलं ते अवोकाडोच्या झाडाकडे वळलं आणि त्यानं हात हलवला. त्या झाडाखाली आजोबांना पुरलं होतं. हे त्याला कोणी दाखवलेलं नव्हतं.

"कुणाला टाटा करतोयस रे?" न्जोकीनं विचारलं.

पोरगं तुरुतुरु चालत स्वयंपाकघरात गेलं आणि कोपऱ्यातल्या तीन पायांच्या स्टुलावर बसलं. ते स्टूल म्हाताऱ्यांचं. ते गेल्यापासून त्यावर कोणी बसत नसे, आणि त्यांचा कुत्रा, नाव पोलिस, तर त्याच्या वाऱ्यालाही उभा राहत नसे. आता पोलिस दारातून उठला, मान खाली घालून आला आणि पोराच्या पायाशी आडवा झाला. न्जोकीच्या अंगावर सर्रकन काटा आला.

किनुथिया घरामागे बकरं भाजत होता. आजीनं पोराला पेल्यात थोडा दुधाचा चहा दिला. पोरानं घोट घेतला, खाकरलं आणि घसा जाड करून म्हणालं, "चहा आहे का पाणी?"

आजीच्या हातातलं लाटणं खाली पडलं. लग्नापासून नवरा मरेपर्यंत हेच वाक्य तिनं रोज ऐकलं होतं, अगदी या खाकरण्यासकट.

"कुणी शिकवलं गं त्याला?"

"मी नाही हो आई! आमच्याकडे चहा हेच करतात. मी कशाला तोंड उघडू?"

"फाटक लावलं का?" पोरगं गुरकावलं.

आजी मुकाट्यानं धुक्यात गेली आणि फाटकाला कडी घालून आली. ती आत येते न येते तोच पुढचा प्रश्न तयार होता.

"न्याकिओ! माझी टोपी कुठंय?"

नातवानं आजीला नावानं हाक मारली, आणि तीही त्याच चढ्या सुरात. आता खरी गोष्ट अशी होती की टोपी घरात नव्हती. पीस खोचलेली म्हाताऱ्यांची ती लाडकी टोपी आजीनं पलीकडच्या टेकडीवरच्या न्गोथोला देऊन टाकली होती. न्गोथोही एकटा. तो कुंपण दुरुस्त करायला यायचा, मग चहाला थांबायचा, आणि हल्ली कुंपण मोडलेलं नसलं तरी यायचा. दोघांनी लग्न करायचं ठरवलं होतं. आज जेवणानंतर, किनुथियाच्या पोटात बकरं गेलं की तो जरा मऊ होईल, तेव्हा त्याला विचारायचं, असा आजीचा बेत होता.

आता बेत कसला! आजी स्टुलासमोर गुडघ्यांवर बसली.

"धनी, चिडू नका. टोपी न्गोथोला दिली. मला एकटीनं चहा घशाखाली उतरत नाही हो. फाटकाशी काही वाजलं तर 'कोण आहे' म्हणायलाही घरात कोणी नाही. तुम्ही नाही म्हणालात तर मी त्याला परत पाठवीन."

न्जोकीनं हे सगळं ऐकलं. तिनं खिडकीकडे तोंड फिरवलं, आणि तिची बोबडीच वळली. बाहेर धुक्यात, अवोकाडोच्या झाडाखाली, एक टोपी उभी होती. पिसासकट.

"सासरे!" न्जोकी किंचाळली.

फाटक बंद सापडल्यामुळे बिचारा न्गोथो मागच्या कुंपणावरून उतरला होता. आपण कुणाच्या झाडाखाली उभे आहोत हे त्याला ठाऊक होतं. सासरे आल्याचं त्यानं ऐकलं मात्र, मागे वळून न पाहता तो धावत स्वयंपाकघरात घुसला. पाठोपाठ सुरी घेऊन किनुथिया. सुरी बघून न्गोथो आजीच्या मागे दडला.

"माझी टोपी!" पोरगं म्हणालं. न्गोथोनं ती काढून स्टुलापाशी ठेवली.

सगळं ऐकल्यावर किनुथिया आधी पोट धरून हसला आणि मग ओशाळला. बाबा त्याला रोज फोनवर आवाज भरून निरोप पाठवायचे. बटणावरचा अंगठा काढायचं विसरायचे आणि मधेच आईवर खेकसायचे. ते सगळे निरोप त्यानं जपून ठेवले होते. संध्याकाळी पोराला छातीवर झोपवताना तो ते ऐकत बसायचा.

त्यानं फोनवर ते निरोप लावले. खाकरणं आलं, चहा आला, फाटक आलं, टोपी आली. आजी हसता हसता रडायला लागली.

"मेल्या, मला नाही कधी ऐकवलंस!"

"तुला रडू येईल म्हणून." किनुथियानं सुरी खाली ठेवली. "आई, मी तिकडे फोनशी बोलतो, तू इथे भिंतींशी. न्गोथोकाका, बसा. आईला सोबत होणार असेल तर मी कोण नाही म्हणणार?"

आजीनं डोळे पुसले आणि चहात पत्ती वाढवली. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात पोरगं स्टुलावरून उतरलं. टोपी दोन्ही हातांनी उचलून त्यानं न्गोथोच्या मांडीवर ठेवली आणि खाकरलं.

"घाल. धुकं आहे. फाटक आता तू लावत जा."

किनुथियानं फोन हातात घेतला. एकेक निरोप लावून पाहिला, पुढे ढकलला, मागे आणला. चहा निवून गेला.

"हे यात नाहीये," तो हळूच म्हणाला.

पोलिस स्टुलाजवळून उठला, बाहेर गेला आणि अवोकाडोखाली जाऊन निजला. न्जोकीनं पोराचं नाक पुसलं आणि फार अदबीनं म्हणाली, "चला, जेवून घेता ना?"

फाटक सकाळपासून बंदच होतं. तरी न्गोथो उठला, टोपी घातली आणि पुन्हा एकदा लावून आला.