टेकायचा नेम

दारव्ह्यात कमलाकररावांच्या घराचा वरचा मजला चढत होता. कडेने मजूर पडू नयेत म्हणून कामापुरता लाकडी कठडा हवा होता. खेमसिंग मिस्त्रीने जाड बल्ल्या मागितल्या. कमलाकररावांनी मुलीच्या लग्नातल्या मांडवाच्या उरलेल्या फळ्या काढून दिल्या. फळ्यांना भुंगा लागला होता, पण त्यांनी वरून गेरूचा हात मारला, बाहेरच्या अंगाला काळी बाहुली बांधली आणि हात जोडले. देवावर त्यांची श्रद्धा मोठी. विशेषतः जिथे खर्च वाचतो तिथे.

"साहेब, मानूस टेकला त कठडा टिकला पायजे," खेमसिंग म्हणाला.

"टेकणार कोण? मानीबाई. तिचं वजन ते कितीसं!"

मानीबाई घमेलं घेऊन खालीच उभी राहिली. "मी नाई चढत. मले लेकरं हायेत. बाहुलीले नाईत."

दसऱ्याच्या आत भिंती उठायला हव्या होत्या, आणि सोयाबीनच्या सोंगणीत दुसरे मजूर मिळत नव्हते. बाहुली गुरुजींनी मंतरून दिल्याचं कमलाकररावांनी परोपरीने समजावलं. मानीबाई तंबाखू मळत बसली. शेवटी ते स्वतःच वर गेले, सगळ्यांना दिसेल असे उभे राहिले आणि टेकले. बाहुली जरा तिरकी वाटली म्हणून सरळ करायला वाकले. पोटाचा भार फळीवर आला.

पापड मोडावा तेवढाच आवाज झाला.

खाली रेतीचा ढीग होता म्हणून हाडं शाबूत राहिली. बाहुली हातात तशीच होती. तिला खरचटलंसुद्धा नव्हतं. सुचित्राताईंनी आधी देवापुढे साखर ठेवली, मग नवऱ्याला पाणी दिलं.

संध्याकाळच्या आत सागाच्या बल्ल्या आल्या. तरी सकाळी मानीबाई जागची हलेना.

"आधी तुमी टेका, साहेब. मंग मी चढतो. रोजचंच ठेवा असं."

तेव्हापासून कमलाकररावांची आंघोळ, पूजा आणि मग कठडा. खाली बाया डोक्यावर चुंबळ ठेवून वाट पाहत असतात. ते डोळे मिटून सगळा भार टाकतात, ओठ हलत असतात. कठडा कुरकुरला नाही की मानीबाई घमेलं उचलते.

संध्याकाळी मजूर गेले की ते एकेक बल्ली हलवून पाहतात. परवा खेमसिंगला हळूच म्हणाले, "मधून अजून एक आडवी ठोक. खर्चाचं पाहू नको."

बाहुली बांधायची मात्र राहूनच गेली आहे.