आवाज काढून दाखवा

पेणच्या नाक्यावर एखादा सभ्य, चष्मा लावलेला गृहस्थ भर सकाळी तोंडाने 'खर्रर्र, टक्, खर्रर्र' असा आवाज काढताना दिसला, तर त्याला वेड लागलंय असं समजायचं कारण नव्हतं. त्याची गाडी बिघडलेली असे आणि तो बाळाराम म्हात्र्यांच्या गॅरेजसमोर उभा असे, एवढंच.

बाळारामदादांचा नियमच होता. गाडीला हात लावण्याआधी मालकाने बिघाडाचा आवाज स्वतःच्या तोंडाने काढून दाखवायचा. नुसतं 'आवाज येतो' म्हणून भागत नसे. हायस्कूलच्या हेडमास्तरांनी आपल्या स्कूटरचा आवाज काढला तेव्हा समोरच्या एसटी थांब्यावर त्यांचीच दहावीची मुलं उभी होती. पुढे वर्षभर ती मुलं वर्गात तो आवाज काढत राहिली. एका डॉक्टरांना तर दादांनी दोनदा परत पाठवलं. "तुमचा घर्र येतो. घर्र असंल तर बेरिंग, खर्र असंल तर दाते. घरी जावा, नीट ऐका, मंग या." डॉक्टर बिचारे घरी जाऊन सराव करून आले.

एवढं करूनही मालकावर विश्वास नाहीच. "गाडी खोटं बोलत नाय शेट. मालक बोलतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यामुळे मालकाचा आवाज ऐकून झाला की ते गाडीच्या तोंडून ऐकायला बसत. कानांना फार जपत. खिशात कायम कापूस. वरात आली, बँड आला, शेजारच्या दुकानात भांडण लागलं की दोन्ही कानांत कापूस. गाडीजवळ आले की मात्र पहिल्यांदा कापूस बाहेर. कान हा धंद्याचा आहे, तो फुकट झिजवायचा नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

माझी त्यांच्याशी गाठ पडली ती माझ्या पिकअपमुळे. रोह्याच्या पुढे रेल्वेचे रूळ अजून पडत होते त्या दिवसांतली ही गोष्ट. मी पेणहून रोह्याला माल पोचवत असे. एरवी पोहे आणि पावसाळ्यात गणपतीच्या मूर्ती. गाडी जुनी, वयाने जवळजवळ माझ्या बरोबरीची. चार दिवस किल्ली फिरवली की मुकाट सुरू व्हायची आणि पाचव्या दिवशी सेल्फ मारला की नुसतं खर्रर्र. पोहे असले तर चार माणसं गोळा करून धक्का मारता येई. मूर्तींना धक्का चालत नाही. पेंढ्यात कितीही गुंडाळा, एका हिसक्यात सोंड जाते, नाहीतर आशीर्वादाच्या हाताची बोटं. माझ्या मूर्तिकारांनी स्पष्टच सांगितलं होतं की पंधरा दिवसांत गाडी नीट झाली नाही तर यंदा दुसरा टेम्पो बघतो. मूर्तींचं काम गेलं की माझं वर्ष गेलं, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

तेव्हा मीही नाक्यावर उभा राहून खर्रर्र केलं. दादांनी डोळे मिटून ऐकलं, परत काढायला लावलं, आणि त्यांचा चेहरा एकदम पडला. मला वाटलं माझं काम पसंत पडलं नाही. म्हणाले, गाडीच्या तोंडून ऐकल्याशिवाय काही सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवसापासून ते डबा घेऊन माझ्या शेजारी बसायला लागले. वडखळला गाडी बंद करायला लावली, सेल्फ मारायला लावला. चकार शब्द नाही, गाडी सुरू. नागोठण्याला तेच. निडीजवळ मात्र खणखणीत खर्रर्र झालं. मला इतका आनंद झाला की मी त्यांच्या मांडीवर थाप मारली. दादा खिडकीतून भाताच्या शेतांकडे बघत होते. म्हणाले, "नीट ऐकू आला नाय. एसटी गेली ना मधीच."

रस्त्यावर एसटी सोडाच, सायकलसुद्धा नव्हती.

असे आठ दिवस गेले. दादांनी बॅटरीची टोकं घासली, सेल्फ उतरवून त्याचे कार्बन बदलले, बुश बदलले, त्याचं पुढचं छोटं दातेरी चाक नवीन घातलं. खर्र होतं तिथेच होतं. आणखी एक विचित्र गोष्ट म्हणजे ते रोज निडीला उतरून जात. रोह्यात आपलं काही काम नाही म्हणत आणि मी परत येईपर्यंत चहाच्या टपरीवर बसून राहत.

नवव्या दिवशी माझा धीर सुटला. निडीला ते उतरायला लागले तसं मी म्हटलं, "दादा, जमत नसेल तर सरळ सांगा. मी गाडी पनवेलला नेतो." त्यांच्या कामाचा कोणी असा अपमान केला तर ते कानांत कापूस घालत. या वेळी घातला नाही. दार लावून परत आत बसले.

"तुमी पयल्या दिशी तोंडानं काढला तवाच कळला होता," ते म्हणाले. "रिंग हाय."

मग त्यांनी मला नीट समजावून सांगितलं. इंजिनाच्या मोठ्या चाकावर दात्यांची एक रिंग असते. सेल्फचं छोटं चाक त्या दात्यांत अडकून इंजिन फिरवतं. इंजिन बंद करताना थांबतं ते बहुतेक ठरावीक दोनच जागी, म्हणून वर्षानुवर्षं तेवढेच दाते झिजतात. तिथे थांबलं तर खर्र, चुकून जरा पुढेमागे थांबलं तर काही नाही. इलाज एकच. रिंग तापवून काढायची आणि पाव फेरा फिरवून परत बसवायची, म्हणजे झिजलेले दाते बाजूला जातात आणि चांगले कामाला येतात. रिंग तीच, गाडी तीच.

"मग इतके दिवस का नाही केलंत?"

"ते काम ह्या भागात फक्त दत्ता करतो. रोह्याला. पनवेलवाले नवीन रिंग सांगतील, ती ह्या गाडीची मिळत नाय."

दत्ताराम म्हणजे दादांचा धाकटा भाऊ. दोघं एकाच गॅरेजात वाढले. सात वर्षांपूर्वी एका टेम्पोच्या आवाजावरून त्यांचं बिनसलं. दादा गिअरबॉक्स म्हणाले, दत्ता क्लचप्लेट म्हणाला. उघडलं तर क्लचप्लेट. दत्ता गिऱ्हाइकांसमोर हसला. दादा म्हणाले, एवढा कान तयार झालाय तर वेगळं दुकान काढ. त्याने काढलं. सख्ख्या भावांनी सात वर्षं तोंड बघू नये, तेही एका क्लचप्लेटपायी, याचं मला हसू यायला हवं होतं. पण दादांचा चेहरा बघून आलं नाही.

मी किल्ली फिरवली. गाडीने नेमकं तेव्हा खर्र केलं. दुसऱ्यांदा सुरू झाली. दादा उतरले नाहीत.

रोह्यात आपल्या गॅरेजच्या दारातून दत्तारामने आम्हाला लांबूनच पाहिलं. हातातला पाना पुसत आला, दादांकडे न बघता माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "आवाज काढून दाखवा."

मी तोंड उघडणार एवढ्यात दादा पुढे झाले. मान खाली घालून त्यांनी खर्रर्र केलं. इतकं हुबेहूब की मी गाडीकडे वळून पाहिलं. आख्ख्या पेणला आवाज काढायला लावणारा माणूस धाकट्या भावासमोर शाळेतल्या पोरासारखा उभा होता.

"परत काढ, दादा," दत्ता म्हणाला. आता तो दादांकडे बघत होता.

दादांनी परत काढला.

"रिंग," दत्ता म्हणाला.

"रिंगच," दादा म्हणाले.

गिअरबॉक्स उतरवायला दुपार झाली. दोघांनी मिळून रिंग काढली, पुन्हा तापवली. ती बसवायला दोन माणसं लागतात, दोन्ही बाजूंनी एकदम सोडावी लागते, एक हात मागे राहिला तर वाकडी बसते. दोघांनी चिमटे धरले. दादा फक्त "आता" म्हणाले आणि रिंग खाली बसली ती तसूभरही इकडेतिकडे नाही. मग दत्ताच्या बायकोने दोघांना एकाच ताटात भाकरी वाढली आणि कोणी हरकत घेतली नाही.

त्या वर्षी माझी एकही सोंड गेली नाही. गाडी किल्ली दाखवली की सुरू व्हायची. शेवटची खेप पोचवून आठ दिवस झाले असतील, मी पोहे भरून निघालो होतो. दादांनी नाक्यावर हात केला. इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवी, पिशवीतून पोह्याच्या पापडांची पुडकी डोकावत होती.

"शेट, आवाज नाय ना येत आता?"

नाही म्हणायला मी तोंड उघडलं आणि माझं लक्ष पिशवीकडे गेलं.

"येतो," मी म्हणालो. "अधूनमधून."

"काढून दाखवा."

मी गाडीतून खाली उतरलो आणि भर नाक्यावर, एसटीची वाट बघणाऱ्या सगळ्यांच्या देखत, खर्रर्र केलं. दादांनी डोळे मिटून ऐकलं.

"खर्रच हाय," ते म्हणाले. "दत्ताला दाखवायला पायजे." आणि पिशवी मांडीवर घेऊन माझ्या शेजारी बसले.

मी किल्लीला हात घातला. फिरवण्याआधी दादांनी खिशातून कापूस काढला आणि दोन्ही कानांत घट्ट बसवला.